भांडारचा जुना पत्ता

८ फेब्रुवारी, रविवार

झालं एकदाचं. सकाळी सहापासून दुपारी तीनपर्यंत उभी होते, पाय भरून आलेत, पण 'भांडार' नव्या मशीनवर गेलं.

नीट लिहून ठेवते. उद्या काही झालं तर आमच्या प्रशासक साहेबांना काहीच आठवणार नाही आणि मला सगळं आठवावं लागेल. हॉस्पिटलचे सगळे रिपोर्ट ज्या मशीनमध्ये साठतात त्याचं नाव भांडार. लॅबवाले रिपोर्ट तिथं पाठवतात, वॉर्डातले पडदे तिथून वाचतात. खरं तर मशीनला नाव कळत नाही, आकडा कळतो. जुन्या भांडारच्या आकड्याच्या शेवटी चौदा, नव्याच्या शेवटी चाळीस. नाव सांगितलं की आकडा सांगणारं एक वेगळंच मशीन आहे. नावं सांभाळतं म्हणून मी त्याला नावाडी म्हणते. नेटवर्क विभागातल्या बारा वर्षांत या विनोदावर कुणी हसलेलं नाही. आज नावाड्याच्या यादीत चौदाचे चाळीस केले. सहा आठवड्यांची तयारी या एका ओळीसाठी.

साहेब साडेअकराला आले, इस्त्रीच्या शर्टात. "जुनं मशीन आता बंद करून टाका, उगाच वीज खातंय." मी नाही म्हटलं. महिनाभर चालू राहू दे. नवं कितीही चांगलं असलं तरी भरवशाच्या म्हशीला टोणगा होतो. काही राहून गेलं असेल तर जुनं हाताशी हवं. ते म्हणाले, "तुमची काळजी म्हणजे, मॅडम, पट्टा लावून वर नाडी बांधणारी." सोबतचे दोघं हसले. हसू देत. मी लेखी मागितलं, त्यांनी कुरकुरत सही केली. जुनं मशीन तळघरातल्या खोलीत चालू आहे. कुणी काही म्हणो, ही माझी खबरदारी आहे आणि मला तिचा अभिमान वाटतो.

९ फेब्रुवारी, सोमवार

एकतीस फोन. मोजले. भांडार उघडत नाही, भांडार कोरं दिसतं, भांडार रुसलंय. कारण एकच. मशीनं नावाड्याला सारखं सारखं विचारत नाहीत, एकदा कळलेला आकडा थोडा वेळ लक्षात ठेवतात. जुना आकडा डोक्यात आहे तोवर जुन्या दारात जातात. बंद करून चालू केलं की विसरतात. हे मी गेल्या आठवड्यात सगळ्या विभागांना कागदावर लिहून दिलं होतं. कागद कुणी वाचत नाही. क्ष-किरण विभागात त्यावर पेन चालतंय का ते बघितलेलं दिसलं.

आजचं नवल म्हणजे लॅबच्या काकांचा एकही फोन नाही. तातडीचे नमुने ज्या मशीनवर लागतात तिथं बसणारे ते काका. एरवी माऊस अडला तरी अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असे ओरडणारे. मी मुद्दाम जाऊन विचारलं. "चाललंय," म्हणाले, मान वर न करता. "तुमचं काही बदललं असेल तर मला जाणवलेलं नाही." कधी नव्हे ते त्यांच्या तोंडून स्तुती ऐकल्यासारखं वाटलं.

११ फेब्रुवारी, बुधवार

महिला वॉर्ड, खाट अकरा. बासष्ट वर्षांच्या बाई. काल सकाळी त्यांचं रक्त तातडीनं लॅबला गेलं. वॉर्डातल्या सिस्टर दिवसभर पडदा बघत राहिल्या, रिपोर्ट आलाच नाही. सव्वासहाला बाईंच्या हृदयाचे ठोके मंदावत गेले. रक्तातलं पोटॅशियम भलतंच वाढलं होतं. ते सकाळी कळलं असतं तर औषधानं उतरलं असतं. आता त्या अतिदक्षता विभागात आहेत. जगतील म्हणतात. 'जगतील' हा शब्द डॉक्टर ज्या तऱ्हेनं उच्चारतात ती मला आवडत नाही.

मुलीनं तक्रार दिली आहे. तिचं शिवणकामाचं दुकान आहे. सकाळी साहेबांच्या केबिनबाहेर उभी होती, गळ्यात मापाची टेप तशीच.

साहेबांनी मला बोलावलं. "रिपोर्ट भांडारला आला होता का, बघा." मी बघितलं, दोनदा बघितलं, मग नोंदींची पूर्ण यादी काढून ओळीगणिक बघितलं. रविवारपासून काकांच्या मशीनवरून एकही रिपोर्ट आलेला नाही. मधल्या वेळात काही वॉर्डांनी नमुने पुन्हा पाठवून लॅबच्या मोठ्या मशीनवर करून घेतले. कुणी तक्रार केली नाही, कारण काकांकडून उशीर होणार हे सगळ्यांनी गृहीतच धरलेलं असतं.

मग लॅबमध्ये गेले. काका तयारच होते.

"मी पाठवला. दहा बेचाळीसला. हिरवी खूण आली."

"तिकडे पोचलेला नाही, काका."

"ते तिकडचं तुम्ही बघा. माझ्याकडे हिरवी खूण आली."

"मग तुमच्या पडद्यावर पोटॅशियम सात पूर्णांक एक बघून तुम्ही वॉर्डला फोन का नाही केला?"

तेव्हा मात्र त्यांनी मान वर केली. "फोन? फोन करू नका असं परिपत्रक कुणी काढलं? भिंतीवर लावलंय बघा, तुमच्या साहेबांच्या सहीचं. रिपोर्ट पडद्यावरच जातील, फोन करून वॉर्डाला त्रास देऊ नये. तुम्ही सगळे मिळून आमचा फोन काढून घेतला आणि आता विचारता फोन का नाही केला."

माझं डोकं तडकलं. ज्याची चूक आहे त्यानं एवढा आवाज चढवावा? खाली येऊन टिपण लिहिलं: 'सदर रिपोर्ट भांडारमध्ये पोचल्याची नोंद नाही.' शब्दन् शब्द खरा आहे. तीन वेळा वाचला, मग सही केली.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

काकांना घरी बसवलं. चौकशी २ मार्चला. निवृत्तीला अकरा महिने उरलेत. आरोप सिद्ध झाला तर बडतर्फ, पस्तीस वर्षांवर पाणी.

आदेशाची प्रत माझ्याकडेही आली. त्यात 'नेटवर्क विभागाच्या टिपणानुसार संबंधित कर्मचाऱ्याने रिपोर्ट पाठवला नाही' असं आहे. मी 'पाठवला नाही' लिहिलेलं नव्हतं. मी 'पोचल्याची नोंद नाही' लिहिलं होतं. वर गेले.

साहेब म्हणाले, "पोचला नाही म्हणजे पाठवला नाही. रिपोर्ट काय वाटेत चहाला थांबतो?"

आणि मी हसले.

हे लिहिताना कान गरम झालेत. मला हसू आलं नव्हतं. ते साहेब आहेत, विनोद केला, मी हसले. अठ्ठेचाळीसाव्या वर्षी, भौतिकशास्त्राची पदवी घेतलेली बाई मी, आणि एक चुकीचं वाक्य दुरुस्त करायला गेले आणि हसून परत आले. पण खरं सांगायचं तर, चुकीचं तरी कशावरून? नवं मशीन खोटं बोलत नाही. काका बोलू शकतात. माणसाला बघितल्यासारखं वाटतं, हिरवं रोजच दिसतं, काल दिसलं की परवा ते आठवत नाही. हे मी पटवून घेतेय की मला पटलंय, ते कळत नाही.

जिन्यात ते भेटले. डबा, छत्री, चष्म्याचं घर आणि भिंतीवरून काढलेलं जुनं कॅलेंडर एका पिशवीत. मी बाजूला झाले. ते म्हणाले, "बाई, तुम्ही हुशार आहात. पण हुशार माणसाला एकच गोष्ट दिसत नाही, आपलं नाक." आणि उतरून गेले. संताप झाला. जाता जाता पण टोमणा.

१५ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर चिडचिड. भांडी आपटत होते म्हणून सासूबाई स्वयंपाकघरात येऊन बसल्या. "भांड्यांचा काय दोष? बोल तरी."

सांगितलं. नाव आणि आकडा त्यांना कळेना, म्हणून मोबाइल दाखवला. "आई, तुम्ही ताईंच्या नावावर बोट ठेवता, नंबर तुम्हाला ठाऊक नसतो. फोन नावावरून नंबर शोधतो. तसंच. आम्ही भांडारचा नंबर बदलला आणि यादीत नवा लिहिला."

त्यांनी मोबाइल हातात घेतला. मग म्हणाल्या, "माझ्या मैत्रिणीनं नंबर बदलला होता. सगळ्यांना कळवलं, मलाही कळवलं, पण मी माझ्या फोनात बदललाच नाही. चार दिवस जुन्यावरच लावतेय. कुणी उचलेना तेव्हा कळलं." मोबाइल परत दिला. "पण तुमच्या त्या माणसाला हिरवी खूण आली म्हणतो ना? म्हणजे उचललं कुणीतरी. कुणी उचललं?"

"आई, मशीनचं तसं नसतं."

नवरा दारातून म्हणाला, "तसंच असतं, असं तू आत्ताच सांगत होतीस."

मी त्याला म्हटलं, शाळेत गणित शिकवणाऱ्यांनी हॉस्पिटलमध्ये नाक खुपसू नये. तो गेला. सासूबाई उठल्या, एक भांडं पुसून जागेवर ठेवलं आणि गेल्या. सगळ्यांना सगळं कळतं या घरात. मी तेवढी अडाणी.

१६ फेब्रुवारी, सोमवार

कुणी उचललं?

सकाळी गाडी लावताना हात थांबला. तशीच तळघरात गेले. जुनं मशीन चालू, अर्थात चालू. मीच ठेवलंय, लेखी मागून.

आत नऊ रिपोर्ट. रविवार दुपारपासून मंगळवारपर्यंतचे; बुधवारपासून त्या मशीनवर नमुने लावणं थांबवलंय. सगळे काकांच्या मशीनवरून आलेले. सातवा: महिला वॉर्ड, खाट अकरा, पोटॅशियम सात पूर्णांक एक, मंगळवार, दहा बेचाळीस. 'मिळाला' असं उत्तर धाडलेलं. हिरवी खूण.

मी ते मशीन बंद केलं असतं, साहेबांचं ऐकलं असतं, तर काकांच्या पडद्यावर पहिल्याच रिपोर्टला लाल खूण आली असती. ते ओरडले असते. अख्ख्या मजल्यानं ऐकलं असतं, मी चडफडत गेले असते आणि पाच मिनिटांत काम झालं असतं. जुन्या दारात माझ्या खबरदारीनं एक शहाणा नोकर बसवून ठेवला होता. येईल ते घ्यायचा, पोच द्यायचा आणि फडताळात टाकायचा.

पण काकांचं मशीन जुन्या दारात गेलंच का? नावाड्याच्या नोंदी काढल्या. त्या मशीननं रविवारपासून एकदाही काही विचारलेलं नाही. रविवारपासून कशाला, गेल्या वर्षभरात नाही.

लॅबमध्ये त्यांची खुर्ची रिकामी. मशीन उघडलं. प्रत्येक मशीनमध्ये एक बारकी फाइल असते, त्याची स्वतःची खाजगी यादी. नाव ऐकलं की मशीन आधी तिथं बघतं. तिथं सापडलं तर नावाड्याकडे जायचं कारणच उरत नाही. फाइलमध्ये भांडार, पुढे शेवटी चौदा असलेला आकडा. आणि ओळीच्या वर टीप: 'तात्पुरतं. नंतर काढणे.'

या हॉस्पिटलात टीप लिहिणारी मी एकटी. बाकी कुणी लिहीत नाही, त्यावरून मी त्यांना बोलत असते.

घरी येऊन जुन्या वह्या काढल्या. तीन वर्षांपूर्वीची, ऑगस्ट. माझंच अक्षर:

'नावाडी तीन तास बंद. लॅबच्या त्या माणसानं सगळ्यांदेखत माझी अक्कल काढली. गेले आणि त्याच्याच मशीनमध्ये आकडा लिहून टाकला. म्हटलं, घ्या, आता तुम्हाला कुणाला विचारायची गरज नाही आणि आम्हाला तुमचा आवाज ऐकायची. तोंड कायमचं बंद केलं. बरं वाटलं.'

बरं वाटलं, असं लिहिलंय. खाली रेघ ओढलीय.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

साहेबांना सगळं सांगितलं. नऊ रिपोर्टांची प्रत टेबलावर ठेवली. त्यांनी दार लावलं, आणि मी त्यांना पहिल्यांदाच हळू बोलताना ऐकलं.

"हे अजून कुणाला माहीत आहे?"

"घरी."

"ठीक. ती ओळ काढून टाका. जुनं मशीन बंद करा, तसंही करायचंच होतं. मी लिहितो, स्थलांतराच्या काळातील तांत्रिक त्रुटी. काकांना ताकीद देऊन कामावर घेऊ, निवृत्तीचं सगळं मिळेल त्यांना. तुम्ही सुटता, ते सुटतात, हॉस्पिटल सुटतं. कुणाचं नुकसान आहे यात?"

"ताकीद कशाबद्दल?"

"काहीतरी लिहावं लागतं, मॅडम. कोरी ताकीद देत नाहीत."

मला तिथंच ओरडायचं होतं. ओरडले नाही. विचार करते म्हटलं. आणि लाज वाटते लिहायला, पण विचार खरंच केला. जिना उतरेपर्यंत ते मला शहाणपणाचं वाटू लागलं. काका परत येतील, आणखी काय पाहिजे? त्यांच्या भल्याचंच आहे. माझं भलं त्याच्या मागे लपून उभं होतं, ते शेवटच्या पायरीवर दिसलं.

साहेबांना भीती चौकशीची नाही, परिपत्रकाची आहे. फोन बंद करणारी सही त्यांची. 'त्रुटी' म्हटलं की ती सहीही पुसते आणि माझी ओळही. एकाच फडक्यानं दोघांचे हात स्वच्छ.

ओळ काढलेली नाही. पडद्याचा फोटो काढून ठेवलाय. जुन्या मशीनच्या खोलीला कुलूप लावून किल्ली पर्समध्ये.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

साहेबांचे तीन निरोप. 'काय ठरलं?' उत्तर दिलं नाही. दुपारी कॅन्टीनमध्ये ते माझ्या टेबलाशी थांबले, म्हणाले, "प्रामाणिकपणाला पण वेळ-काळ असतो." मी म्हटलं, हो सर, तीन वर्षं झाली.

घरी येऊन मात्र नवऱ्यावर डाफरले. टॉवेल पलंगावर होता म्हणून. तो म्हणाला, "साहेबांना बोलायचं ते साहेबांना बोल." टॉवेल खरंच ओला होता.

२२ फेब्रुवारी, रविवार

काकांच्या घरी गेले. तिसरा मजला, लिफ्ट नाही. दोन खोल्या, पण इतक्या नीटनेटक्या की चपला कुठं काढू कळेना. टेबलावर औषधांच्या बाटल्या उंचीप्रमाणे लावलेल्या, प्रत्येकीवर तारखेची चिठ्ठी. काकूंनी पाणी दिलं आणि माझ्याकडे न बघता आत गेल्या. दार पुरतं लावलं नाही.

मी सगळं सांगितलं, वहीत काय लिहिलं होतं तेसुद्धा. मग साहेबांचा प्रस्ताव सांगितला. सांगायलाच हवा होता, निर्णय त्यांच्याही आयुष्याचा आहे.

"ताकीद कशाची?" त्यांनी विचारलं. माझेच शब्द.

"काहीतरी लिहावं लागतं म्हणाले."

"बाई, मी पाठवला. एवढं लिहून द्या. बाकी तुमचं काय व्हायचं ते तुम्ही बघा. माझ्या डोक्यावर ताकीद नको आणि तुमची दयाही नको."

"मी दया करायला आले नाही."

"मग कशाला आलात? खरं सांगायला तीन मजले चढावे लागत नाहीत, तिथं खाली चौकशीत सांगायचं असतं." आतून काकूंचा आवाज आला, "अहो, हळू." ते हळू झाले. "मी तुम्हाला आवडत नाही, ठाऊक आहे. तुम्हीही मला आवडत नाही. त्यात काही वावगं नाही. पण या दहा दिवसांत मी रोज सकाळी उठून स्वतःला विचारतोय की मी पाठवला होता की पाठवल्याचं स्वप्न पडलं. पस्तीस वर्षांत मला माझ्या डोळ्यांचा संशय आला नव्हता. तो तुम्ही आणून दिलात."

माफ करा म्हटलं. ते म्हणाले, "बघू."

बघू. मी एवढी चढून गेले, सगळं ओकले, नोकरी पणाला लावली आणि ते म्हणतात बघू. उतरताना मला इतका राग आला की दुसऱ्या मजल्यावर थांबून श्वास घ्यावा लागला. त्यांनी काय म्हणायला हवं होतं? बरं झालं आलात? वहीत लिहायला 'बरं वाटलं' मिळायला हवं होतं मला, पुन्हा एकदा.

२ मार्च, सोमवार

चौकशी. लांब टेबल, पलीकडे तिघं, मध्ये वैद्यकीय प्रमुख. साहेब एका टोकाला. काका इस्त्री केलेल्या शर्टात, हात मांडीवर. शिवणकाम करणारी मुलगी मागच्या खुर्चीत. तिनं हट्टानं परवानगी मिळवली होती.

मी लिहून नेलेलं वाचलं. आधी ११ तारखेचं टिपण मागे घेतलं. मग एकेक: आकडा मी बदलला, जुनं मशीन मी चालू ठेवलं, काकांच्या मशीनमधली ओळ तीन वर्षांपूर्वी मी लिहिली आणि काढली नाही. स्थलांतराआधी प्रत्येक मशीनमधली फाइल तपासायला हवी होती, ते यादीत होतं, मी 'गरज नाही' म्हणून खोडलं. 'संबंधित कर्मचाऱ्याने रिपोर्ट पाठवला. वेळेवर पाठवला.' नऊ रिपोर्टांची प्रत जोडली. परिपत्रकाची प्रतही जोडली.

साहेब म्हणाले, "मॅडम भावनेच्या भरात बोलताहेत, ही मुळात तांत्रिक त्रुटी..."

"सर, त्रुटीला हात नसतात. ती ओळ हातानं लिहिलीय आणि ते परिपत्रकही."

वैद्यकीय प्रमुखांनी पेन खाली ठेवलं. मुलीकडे बघून विचारलं, काही बोलायचं आहे का. ती उठली. तिला नीट कळलं नव्हतं, तिनं मलाच विचारलं. "म्हणजे आईचा रिपोर्ट तयार होता. दिवसभर. कुठं होता?"

"तळघरात. एका मशीनमध्ये. मी चालू ठेवलेल्या."

"आणि बघणारं कुणी नव्हतं."

"नाही."

ती खाली बसली. तिनं मला शिव्या द्यायला हव्या होत्या. मी तयारी करून गेले होते.

दुपारी निर्णय. काका निर्दोष, उद्यापासून कामावर. परिपत्रक रद्द, धोक्याच्या आकड्याला फोन करणं पुन्हा बंधनकारक. साहेबांना लेखी विचारणा. मला लेखी ठपका, विभागप्रमुखपद काढून घेतलं. सगळ्या विभागांतल्या दोनशे बारा मशीनमधली फाइल मी स्वतः, हातानं तपासायची. हे शेवटचं मीच सुचवलं.

संध्याकाळी नवऱ्यानं विचारलं, "हलकं वाटतंय?" नाही म्हटलं. सासूबाई म्हणाल्या, "उद्या वाटेल." मला शंका आहे. राग तसाच आहे, फक्त आता त्याला नक्की पत्ता नाही.

५ मार्च, गुरुवार

शंभर मशीन झाली. अकरा ठिकाणी हातानं लिहिलेल्या ओळी सापडल्या. सहा माझ्या.

दुपारी लॅबमध्ये पोचले. काकांचं मशीन मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, पण ते म्हणाले, "इकडे आधी." खुर्ची सरकवली. मी ती ओळ पुसली, फाइल बंद केली, त्यांना नावाड्याच्या नोंदी उघडून दाखवल्या. भांडार म्हटलं की आता मशीन विचारतं आणि उत्तर येतं, शेवटी चाळीस. त्यांनी चष्मा वर करून बघितलं. "हं."

उठायला लागले तर त्यांनी एक कागद पुढे केला. आठ ओळी. नमुना क्रमांक, वॉर्ड, तारीख, फोन.

"हे काय?"

"नऊ होते ना? चौकशीत तुम्हीच वाचलंत. एक खाट अकरा. बाकी आठ?"

मी कागद हातात घेतला. नऊ हा आकडा मी किती वेळा लिहिला, वाचला, जोडपत्रात लावला. तो माझ्या बाजूचा पुरावा होता. त्याच्यात आणखी आठ माणसं आहेत हे मला एकदाही सुचलं नाही. तीन आठवडे मी अपराधाबद्दल इतकी नेकीनं लिहीत होते, आणि सगळं माझ्याबद्दल.

"पाच जणांचे पुन्हा झाले मोठ्या मशीनवर, ते बघितलंय मी," काका म्हणाले. "तरी त्यांनाही कळायला हवं. तिघांचे झालेच नाहीत. ते तसेच घरी गेले. एकाची साखर चारशेच्या पुढे आहे."

"ही यादी तुम्ही कधी केलीत?"

"मंगळवारी. तुम्ही क्ष-किरणमध्ये फाइली उघडत होता." लॅबचा फोन परवा परत आला आहे. जुनाच, करडा, वायर पिळलेली. त्यांनी तो ओढून मध्ये ठेवला.

तिघांपासून सुरुवात केली. चारशेवाल्यांचा मुलगा म्हणाला, बाबांना दोन दिवस गरगरतंय, आत्ता घेऊन येतो. काकांनी वेळ लिहिली, अपघात विभागाला कळवलं. दुसऱ्या घरी फोन लागला नाही, पंधरा मिनिटांनी पुन्हा लावला, लागला. काका तीच तीन वाक्यं, त्याच आवाजात सांगत होते: तुमचा रिपोर्ट तयार होता, तुमच्यापर्यंत पोचला नाही, तो आता असा आहे. कुणाची चूक ते सांगत नव्हते. मला ते फार लागलं, का ते सांगता येत नाही.

तिसरा फोन एका बाईंना. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांचा आवाज चढला, मला रिसीव्हरच्या बाहेरून ऐकू येत होता. "महिना होत आला. एवढ्या दिवसांनी आता सांगताय? कुठं होता तो रिपोर्ट? कोण जबाबदार आहे याला?"

काकांनी रिसीव्हर कानापासून काढला आणि माझ्यापुढे धरला.

मी घेतला. माझं नाव सांगितलं, काम सांगितलं, आणि म्हटलं, "मी. तुम्हाला वेळ असेल तर पहिल्यापासून सांगते."

मग त्या म्हणाल्या, "सांगा."